त्रिफळा घ्या, पण कीटण कोण काढणार?

हिरड्यांतून रक्त आलं की आपल्याकडे आधी चूर्ण शोधलं जातं, डॉक्टर नंतर. त्रिफळा, बकुळीची साल, कडुनिंब, लवंगेचं तेल. मी दातांची डॉक्टर असले तरी या यादीला नाक मुरडणार नाही. लिस्टरिनच्या त्या जळजळीत माउथवॉशमध्ये थायमॉल असतं, आणि आपल्या ओव्याचा वासही थायमॉलचाच. झाडपाल्याला सरसकट हसणाऱ्यांनी बेसिनवरची बाटली जरा फिरवून वाचावी.

त्रिफळ्याच्या गुळण्यांच्या चाचण्या आपल्याच देशात झाल्यात, आणि काहींत निकाल क्लोरहेक्सिडिनच्या, म्हणजे आम्ही डॉक्टर देतो त्या जंतुनाशक माउथवॉशच्या, जवळपास आले. क्लोरहेक्सिडिनने दात तपकिरी पडतात, चव बिघडते, म्हणून ते आम्ही एरवी थोडेच दिवस देतो. तिथे त्रिफळा उपयोगी पडू शकतो. पण या चाचण्या बहुतेक छोट्या, काही आठवड्यांच्या आणि नुसत्या सुजलेल्या हिरड्यांवरच्या. हाड झिजायला लागलेला पायोरिया हे वेगळंच प्रकरण. व्हॉट्सॲपवर मात्र दोन्ही एकाच वाक्यात बरे होतात!

प्रयोगशाळेतल्या बशीत अर्काने जंतू मेले, यावरही फार हुरळू नका. तोंडातले जंतू स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात, दाताला घट्ट धरून राहतात. गुळणी त्यावरून वाहून जाते. थर घासूनच मोडावा लागतो. तो राहिला तर लाळेतलं कॅल्शियम त्यात बसतं आणि काही दिवसांतच कीटण तयार होतं. मग ना ब्रश चालतो, ना काढा. ते खरवडूनच काढावं लागतं.

इथे हमखास ऐकू येतं, "मॅडम, क्लिनिंग केलं की दात हलतात म्हणे." अहो, हाड आधीच गेलेलं असतं. कीटणाने दात एकमेकांना चिकटून राहिलेले असतात, ते काढलं की खरी स्थिती कळते, इतकंच. आणि रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावायचाच नाही, हा उपाय तर रोग वाढवायचा.

गंमत म्हणजे सुश्रुतसंहितेत कडुनिंब, खैर, मोह आणि करंज यांच्या काड्या सांगितल्यात, तशी घासायची रीतही सांगितलीय: एकेक दात, मऊ कुंचल्याने, हिरड्यांना इजा न करता. आपण काडीचं नाव तेवढं लक्षात ठेवलं, रीत विसरलो. दात पांढरे दिसावेत म्हणून खरखरीत लाल पावडर बोटाने खसाखसा घासणारे रोज भेटतात. झिजलेलं इनॅमल परत येत नाही.

वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी, हेही मला पटत नाही. अमेरिकेत ब्लडरूट नावाच्या झाडाच्या अर्काची टूथपेस्ट आणि माउथवॉश विकले जात. वापरणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे दिसू लागले आणि शेवटी तो अर्क त्यांतून काढावा लागला. लवंगेचं तेल तसंच्या तसं हिरडीला चोळून चामडी भाजून घेतलेले लोक मी पाहिलेत. आणि मिशेरी? तंबाखूही वनस्पतीच. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 मध्ये बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजणाऱ्या बायकांपर्यंत ती पोचणार कशी? मिशेरी लावून बरं वाटतं ते निकोटिनमुळे, आणि रक्त कमी दिसतं म्हणून हिरडी बरी झाली असं होत नाही.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळं सांगते. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. अशा माणसाने नुसत्या चूर्णावर सहा महिने काढू नयेत. आधी कीटण काढून घ्या, मग त्रिफळ्याच्या गुळण्या खुशाल करा. मीच सांगेन.