गेम न खेळण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

संगणकावरचा एखादा नवा गेम विकत घेण्याचे आपल्या मनात असेल, तर त्याची कथा काय आहे आणि त्यात नेमके करायचे काय असते, असल्या फुटकळ चौकशीत वेळ दवडू नये. जाणकार ग्राहक थेट माहितीच्या तळाशी जातो, जिथे ‘किमान’ आणि ‘शिफारस केलेले’ अशा दोन रकान्यांत प्रोसेसर, रॅम, पडद्यावरची चित्रे काढणारे ग्राफिक कार्ड आणि डिस्कवरची जागा यांची यादी दिलेली असते. गेममधला वाचनीय भाग काय तो तेवढाच.

ही यादी वाचण्याची एक रीत आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी आलेल्या ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ची यादी त्यासाठी नमुना म्हणून अभ्यासावी. तिच्या ‘किमान’ रकान्यात चित्राची स्पष्टता १०८० पी, म्हणजे उभ्यात १०८० ठिपके, असे लिहिलेले होते, पण ते ७२० पी वर काढलेले चित्र ताणून मोठे केल्यावरचे १०८० पी. तेही सर्वांत खालच्या सेटिंगवर, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रे, या गतीने. म्हणजे एवढ्या सामग्रीवर गेम सुरू होईल, आणि तो पाहून नवे कार्ड घेण्याची इच्छा आपल्याला आपोआप होईल. शेजारच्या ‘शिफारस’ रकान्यात ६० फ्रेमचे आश्वासन होते, मात्र ‘फ्रेम जनरेशन’ चालू ठेवण्याच्या अटीवर. हे तंत्र असे, की दोन खऱ्या चित्रांच्या मधले चित्र कार्ड स्वतःच्या अंदाजाने रचते. त्या अंदाजी चित्राला आपण माउसवर काय दाबले याचा पत्ता नसतो, त्यामुळे फ्रेमचा आकडा फुगतो आणि हात मात्र जड तो जडच राहतो. परंतु पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो, हात कुठे दिसतो? २०२५च्या जानेवारीत एनव्हिडिया या ग्राफिक कार्डांच्या कंपनीने तर एका खऱ्या फ्रेममागे तीन रचलेल्या फ्रेम देण्याची सोय केली, म्हणजे २४० असा आकडा पाहताना त्यातल्या ६०च अस्सल आहेत हे विसरण्याचे कामही आता पूर्वीपेक्षा तिप्पट झाले आहे.

यादी पाठ झाली, की खरेदी. त्याच जानेवारीत आलेले एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०९० हे कार्ड तेव्हा अमेरिकेत १९९९ डॉलरचे आणि आपल्याकडे दोन लाखांच्या वरचे होते. मुंबईत संगणकाच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेल्या लॅमिंग्टन रोडवर दुकानामागून दुकान पालथे घालून चार-पाचशे रुपये सुटतील, तेवढ्या पैशांत ‘गेमिंग’ असे छापलेला माउसपॅड घ्यावा. हे कार्ड एकटे ५७५ वॅटपर्यंत वीज खाते. स्वयंपाकघरातला मिक्सरही साधारण तेवढीच खातो, पण तो चटणी वाटून झाली की थांबतो. त्याला महत्त्वाकांक्षा नाही. तेव्हा संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस नवा, यूपीएस नवा, काचेच्या बाजूचे कॅबिनेट नवे, आणि आत लाल-हिरवे दिवे. एवढा खर्च कशासाठी, असे वडिलांनी विचारल्यास ‘प्रोजेक्टला लागतं’ हे उत्तर महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी शिक्षणाने आपल्याला कायमचे देऊन ठेवलेले आहे.

आता पहिली संध्याकाळ. ‘स्टारफील्ड’सारखा गेम असेल, तर १२५ जीबी जागा रिकामी करण्यासाठी घरच्या लग्नाचे व्हिडिओ आधी पुसावे लागतील. मग डाउनलोड, मग कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर, मग ‘शेडर (उजेड-रंग काढणारे छोटे प्रोग्राम) तयार होत आहेत’ ही पट्टी, जी सावकाश बघण्यातही एक समाधान असते. अखेर ‘सायबरपंक २०७७’मधल्या रात्रीच्या रस्त्यावर आपण पोहोचलात, की धावू नये. पावसाने साचलेले एखादे डबके शोधून त्याच्यासमोर उभे राहावे. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून प्रतिबिंबे रेखाटण्याचे तंत्र, बंद असताना त्यात पाटीचा गुलाबी उजेड नुसता पसरलेला दिसतो. ते चालू करताच पाटीवरची अक्षरे उलटी वाचता येतात आणि कोपऱ्यातला हिरवा आकडा ९३ वरून ४१ वर येतो. बंद करावे, चालू करावे. मागून कोणी गोळ्या घालत असल्यास दुर्लक्ष करावे, कारण त्या गेमप्लेचा भाग आहेत.

या साधनेत विघ्न आणतात ते हलके गेम. १९८४ साली मॉस्कोत ‘टेट्रिस’ पहिल्यांदा ज्या यंत्रावर चालला, त्यावर ग्राफिक्सच नव्हते. ठोकळे कंसांच्या चिन्हांनी काढलेले होते, आणि तरीही लोक कामधंदा सोडून तो खेळत बसले. ‘स्टारड्यू व्हॅली’ एका माणसाने एकट्याने बनवला, आणि तो २०१६ साली बाजारात आला. त्याला २ जीबी रॅम पुरते. २०२३ साली बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार ‘एल्डन रिंग’ आणि ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ यांना मागे टाकून ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ या ठिपक्याठिपक्यांच्या गेमला मिळाला. अशा गेमपासून दूर राहावे. ते जुन्या लॅपटॉपवरही चालतात, म्हणजे खेळण्याखेरीज त्यांचे दुसरे काही करता येत नाही. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत तासावर पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळलेली एक अख्खी पिढी याच व्यसनाने बिघडली. शत्रूचा चेहरा चौकोनी, भिंतींचा रंग विटका, तरी त्यातल्या ‘डस्ट टू’ या मैदानाचा कोपरा न् कोपरा त्यांना आजही आठवतो, त्यात प्रतिबिंब पडणारे एक डबकेही नव्हते, याची खंत कोणाला नाही.

आदर्श हवाच असेल, तर नोव्हेंबर २००७चा ‘क्रायसिस’ घ्यावा. प्रोसेसरच्या एकेका कोअरचा, म्हणजे गणिते करणाऱ्या भागाचा, वेग असाच वाढत राहील, या भरवशावर तो बेतला होता. पण कंपन्यांनी वेगाऐवजी कोअर वाढवले, आणि मग पुढे कितीतरी वर्षे महागडी यंत्रेही त्याच्यासमोर धापा टाकत राहिली. २०२० साली तो नव्याने आणला, तेव्हा त्यातल्या सर्वांत वरच्या सेटिंगला ‘कॅन इट रन क्रायसिस?’ (यावर क्रायसिस चालेल का?) असेच नाव दिले गेले. खासगीत सांगायचे, तर मुळात तो गेमही चांगलाच होता. अंगातला सूट कधी बळ देई, कधी अदृश्य करी, आणि शत्रूच्या तळावर दडून शिरायचे, की छप्पर फोडून, हे आपले आपण ठरवायचे. पण ही माहिती पसरवू नये. त्याचे नाव झाले ते न चालण्यामुळे.

इतकी काळजी घेऊनही एखाद्या रात्री कोपऱ्यातला आकडा बंद राहून जातो, आणि दोन-तीन तास केव्हा गेले ते कळत नाही. असे आढळताच गेम तत्काळ बंद करावा, आणि नवा ड्रायव्हर आला आहे का ते पाहावे.