चार दिवसांआड गुलाब

सोलापुरात नळाला पाणी चार दिवसांआड येतं. ते येतं त्या दिवशी घरात कुणी आजारी पडलेलं चालत नाही. अशा गावात माणसाला गुलाब लावावासा वाटला, तर त्याला ऊन लागलंय असं समजावं. मला तो झटका ऐन जानेवारीत आला, त्यामुळे उन्हावर खापर फोडायचीही सोय राहिली नाही.

गड्ड्याची यात्रा नुकतीच उरकली होती. गावाबाहेरच्या एका नर्सरीत सहज म्हणून शिरलो. काळ्या पिशव्यांतली रोपं रांगेनं उभी आणि प्रत्येकाच्या गळ्यात फोटो. फोटोतलं फूल कोबीच्या गड्ड्याएवढं, रोप मात्र झाडूच्या हिरापेक्षा थोडं जाड.

"हे न्या साहेब, पीस. पिवळा, कडेला गुलाबी. दीडशे."

उत्साहाच्या भरात मी तिथूनच घरी फोन लावला. "अगं, पीस घेतलाय. पिवळा, कडेला गुलाबी. दीडशेला."

हे चादरी-टॉवेलचं गाव. इथे पीस म्हटलं की एकच अर्थ होतो. मी घरी पोचलो तेव्हा पलंगावर तीन साड्या उलगडून ठेवलेल्या होत्या आणि त्यातल्या कुठलीवर तो जास्त खुलेल यावर बायको आणि शेजारच्या अक्का यांची चर्चा रंगली होती. मी काळी पिशवी पुढे केली. अक्का पदर तोंडाला लावून निघून गेल्या. बायको साड्यांच्या घड्या घालत एवढंच म्हणाली, "याला पाणी कोण घालणार?"

या पीसचा अर्थ शांतता. फ्रान्समधल्या मेयाँ घराण्यानं तो तयार केला आणि दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, 29 एप्रिल 1945 रोजी, अमेरिकेत त्याचं हे नाव जाहीर झालं. हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याकडे आता सुरू झालं."

पिशवी फाडली तर आत लाल मातीचा गोळा. गोळा कसला, वीटच ती! अंगणातल्या काळ्या मातीत तो ठेवला, शेणखत घातलं, मूठभर लिंबोळी पेंड घातली आणि पाणी ओतलं. पाणी गोळ्याला प्रदक्षिणा घालून निघून गेलं. दुसरं तांब्याभर ओतलं, तेही देवदर्शन घेतल्यासारखं बाहेरूनच परतलं. पुढं मी बोअरच्या पाण्यावर आलो. त्या पाण्यानं आमच्या बादल्यांना आतून चुन्याचा थर बसतो. आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या. मग तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, पाहुण्यांच्या पेल्यात उरलेलं पाणी. उजनीहून शंभरेक किलोमीटर आलेलं पाणी आमच्याकडे शेवटी एका काडीच्या बुडाशी थांबायचं. अंघोळीला मात्र मला अर्धी बादली. "उरलेली तुमच्या पीसला," असा हुकूमच होता.

मार्चमध्ये एक कळी आली. तिच्यावर मावा आला. मावा पुसता पुसता कळी माझ्या हातात आली.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला आणि काडी शेंड्यापासून काळी पडत पडत खाली आली. मी ओलं गोणपाट बांधलं. आईनं अंगारा लावला. अक्कांनी येऊन, "गेलंय ओ ते," असं स्पष्ट सांगितलं.

आणि मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर बुडातून फुटवा आला! लालसर, टवटवीत, बोटभर. मी नवी पेठेतून पेढे आणले. महिन्याभरात फुटवा कमरेइतका झाला, श्रावणात माझ्या डोक्यावरून गेला. कळी मात्र एकही नाही. तोवर माझी पाठ, दोन शर्ट आणि वाळत घातलेला एक टॉवेल त्याच्या काट्यांनी फाडला होता.

गल्लीत शेतकी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी राहतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एका देठावरची पानं मोजली. "सात. तुमच्या गुलाबाची बहुतेक पाच असतात. कधी त्यालाही सात येतात म्हणा, पण हा फुटला कुठून ते बघा." त्यांनी बुडाशी बोट लावलं. तिथे एक गाठ होती. नर्सरीवाले रानगुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या बुंध्यावर, हव्या त्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरतात. गाठीच्या वर फुटेल ते आपलं, खाली फुटेल ते रानाचं. "तुमचा पीस मे महिन्यातच वारला. हा खुंट आहे. तीन महिने तुम्ही याला डाळीचं पाणी पाजलंत."

खुंटाचे फुटवे मुळाशी धरून ओढून काढायचे असतात, कापायचे नसतात, हेही ते म्हणाले. पण मी एक दिवस आधीच कात्री चालवली होती. एकाचे चार झाले.

शेवटी नर्सरीत भांडायला गेलो. दोन वाक्यं घरून पाठ करून नेली होती. पहिलं अर्धं झालं तेवढ्यात तो माणूस खुर्ची सोडून उठला.

"सात फूट? जाडी किती, पेन्सिलीएवढी?"

"काही अंगठ्याएवढ्या आहेत."

"साहेब, काड्या द्या की! या उन्हात आमचे निम्मे खुंट गेले. डोळे भरायला काड्याच नाहीत. कसलं खत घातलंत?"

माझं दुसरं वाक्य घशातच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बागकामाचं कौतुक करत होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा पोरगा येऊन भाराभर काड्या कापून घेऊन गेला. अक्कांनी मांजर येऊ नये म्हणून कंपाउंडवर लावायला दोन मागून घेतल्या.

काड्यांच्या बदल्यात मला एक रोप फुकट मिळालं. गळ्यात फोटो, पिवळा, कडेला गुलाबी. स्कूटरच्या पायांपाशी ते नीट उभं केलं.

घरी फोन मात्र केला नाही.