रोजगार हमीमुळं शेतीला मजूर मिळत नाहीत?

द्राक्षांच्या छाटणीचे दिवस आले की सांगली जिल्ह्यात तासगाव-मिरजेकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तोच मजकूर फिरायला लागतो: दिल्लीनं लादलेल्या रोजगार हमीनं माणसं आळशी झाली, भांगलायला (तण काढायला) बाया मिळेनात, आणि मजुरी अशीच चढली तर कामंच कमी होतील.

दिल्लीनं लादलेली? या योजनेचे जनक मानले जाणारे वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तिचा पहिला प्रयोग केला तो आपल्याच तासगाव तालुक्यात, विसापूरला. राज्याचा कायदा 1977 चा, केंद्राचा 2005 चा.

आळसाचं म्हणाल, तर रोहयोवर, म्हणजे रोजगार हमी योजनेवर, खोदलेली माती मोजून दाम मिळतो. 2024-25 मध्ये महाराष्ट्राचा दर दिवसाला 297 रुपये होता. 2005 च्या केंद्रीय कायद्यातली हमी कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांची होती. नवराबायको दोघं गेली तर 50 दिवसांत संपली. उरलेलं वर्ष ती आपल्याच रानात राबतात.

मजूर मिळत नाहीत ही अडचण मात्र खरी आहे, बागायतदाराची तगमग मी खोटी म्हणणार नाही. पण छाटणी, विरळणी सगळ्यांची एकदमच येते आणि मजुरांच्या टोळ्या चांगलं उक्तं (ठरल्या कामाचे ठोक पैसे) देणाऱ्याकडं जातात. त्याचं खापर रोहयोवर का? इम्बर्ट आणि पॅप या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. योजना आधी पोचलेल्या जिल्ह्यांत कोरड्या महिन्यांत खासगी मजुरी सुमारे 4.7 टक्के वाढली. पावसाळ्यात, म्हणजे ऐन भांगलणीत, ठळक फरक दिसला नाही.

मजुरी वाढली की काम घटतं, हा मुद्दा सगळ्यात पटणारा वाटतो, म्हणून तो नीट तपासायला हवा. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी 157 मंडलांत (जिल्ह्याखालच्या विभागांत) चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून पाहिलं. जिथं योजनेचे पैसे नीट आणि वेळेवर पोचू लागले, तिथं गरीब कुटुंबांची कमाई 14 टक्के वाढली. त्यातली 86 टक्के वाढ योजनेबाहेरची होती: खासगी मजुरीही वाढली आणि खासगी कामही. गावात काम देणारे मोजकेच असले, तर दर तेच ठरवतात. मजुराला दुसरी वाट मिळाली की त्यांना दर वाढवावा लागतो, आणि वाढल्या दरानं घरी बसलेलीही कामावर येतात.

त्या मजकुरात बायांच्या पगाराबद्दल अक्षर नाही. रानात दिवसभर वाकून भांगलणाऱ्या बाईचा पगार गड्यापेक्षा कमी असतो. रोहयोवर दोघांना दर एकच आहे. बाया कामाला येईनात अशी तक्रार करणाऱ्यानं आधी हा फरक किती रुपयांचा आहे ते सांगावं.