आकार बघायची गरज संपली? अजिबात नाही

शिंपल्यांच्या जाती ओळखण्यावरच्या लेखातलं 'डीएनए आल्यामुळे आता शिंपल्याचा आकार बघायची गरजच उरली नाही' हे वाक्य मला पटलं नाही. कालवांच्या बाबतीत एकवेळ मान्य, कालव ज्या खडकाला चिकटतं तसा त्याचा शिंपला वेडावाकडा वाढतो, नुसत्या आकारावरून जात ठरवणं कठीणच. पण बारकोडिंगला, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखायला वापरतात तो सीओआय जीन (२००३ मध्ये पॉल हेबर्ट यांनी सुचवलेला, साधारण ६५० अक्षरांचा तुकडा) मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःचा वेगळा डीएनए असलेल्या भागातला) आहे आणि खरी गोची इथेच आहे, तिचा लेखात उल्लेखच नाही.

बहुतेक प्राण्यांत मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, पण मायटिलससारख्या शिंपल्यांत नराला बापाकडूनही मिळतात आणि त्याच्या जननग्रंथीत तेच भरलेले असतात. दोन्हींच्या डीएनएत कधीकधी २० टक्क्यांहून जास्त फरक, म्हणजे एकाच प्राण्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या जातींचे वाटू शकतात! त्यात मायटिलसची जननग्रंथी मँटलमध्येही (शिंपल्याच्या आतल्या मऊ आवरणात) पसरलेली असते, मी लॅबमध्ये हेच काम करते, आम्ही मँटलला हातच लावत नाही, पायाचा किंवा शिंपला मिटणाऱ्या स्नायूचा छोटा तुकडा घेतो, आणि डीएनए वेगळा काढताना प्राण्याचा बुळबुळीत चिकटा नीट निघाला नाही तर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) पण अडतो. शिवाय मायटिलस एड्युलिस आणि गॅलोप्रोव्हिन्शियालिस या दोन जातींचा संकर होतो, तो नुसत्या सीओआयवरून कळत नाही, न्यूक्लियर मार्कर (पेशीकेंद्रातल्या डीएनएमधल्या खुणा) लागतातच. आणि डेटाबेसमधल्या सिक्वेन्सला (डीएनए अक्षरांच्या क्रमाला) नाव कुणीतरी शिंपला बघूनच दिलेलं असतं ना, तो शिंपलाच जपून ठेवला नसेल तर ते नाव बरोबर की चूक हे तपासणार कसं?