रमाबाईंनी म्हणे डोकं गहाण ठेवलं

परवा रात्री पुतणीने एक फॉरवर्ड पाठवला. ती कॉलेजात शिकवते. स्टाफरूमच्या ग्रुपवर तो आला होता आणि टाकणाऱ्या बाईंनी खाली हात जोडून लिहिलं होतं, 'तुला उद्देशून नाही हं.' त्या ग्रुपवर ख्रिस्ती ती एकटीच. मग उद्देशून कोणाला? 'काका, माझ्यापुढे पेपरांचा गठ्ठा आहे, तुम्हीच बघा याचं काय ते,' म्हणाली. मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, मला वेळच वेळ.

फॉरवर्डचं म्हणणं असं : ख्रिस्ती माणूस चर्चमध्ये शिरताना चपलांबरोबर डोकंही बाहेर काढून ठेवतो, म्हणून 'ख्रिस्ती विद्वान' हा शब्दच खोटा. पुरावे पाच.

एक, गॅलिलिओला चर्चने जिवंत जाळलं. नाही जाळलं. १६३३ मध्ये खटला झाला, मग नजरकैद, आणि १६४२ मध्ये तो स्वतःच्या घरी वारला. जाळला तो जोर्दानो ब्रुनो, १६०० साली रोममध्ये. नाव चुकलं म्हणून चर्चचं पाप धुतलं जात नाही, हे कबूल. सत्तरीला टेकलेल्या माणसाला गुडघ्यावर बसवून 'चुकलो' म्हणायला लावलं, आणि आपलंच चुकलं हे पोपच्या तोंडून यायला १९९२ उजाडावं लागलं. लाजिरवाणंच आहे ते. पण एवढं होऊनही गॅलिलिओ मरेपर्यंत कॅथलिकच राहिला, त्याचं काय करायचं हे फॉरवर्डवाल्याने सांगावं.

दोन, चर्च पृथ्वी सपाट आहे असं शिकवत होतं. तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस आपल्या मुख्य ग्रंथाच्या अगदी पहिल्या प्रश्नातच पृथ्वी गोल असल्याचा दाखला देतो, तोही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणून. पुढे.

तीन, बिग बँगने, म्हणजे विश्वाच्या आरंभाच्या सिद्धांताने, चर्चचं तोंड बंद केलं. इथे मी मोठ्याने हसलो. ही कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू, लूव्हाँ विद्यापीठातला प्राध्यापक. विश्व प्रसरण पावतंय हा त्याचा निबंध १९२७ चा. पुढे १९५१ मध्ये खुद्द पोपनेच 'बघा, विज्ञानाला निर्मितीचा पुरावा सापडला' अशा थाटाचं भाषण केलं, तेव्हा नाराज झाला तो हाच धर्मगुरू. माझ्या समीकरणांना धर्माच्या दावणीला बांधू नका, ही त्याची भूमिका. डोकं बाहेर ठेवलेल्या माणसाला हे सुचतं?

आता चौथा. खरं तर यासाठीच लिहायला बसलो. 'पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, पैशासाठी बाप्तिस्मा घेतला आणि तिथेच त्यांची बुद्धी संपली.'

इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च रमाबाईंनी स्वतःच्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला होता. इंग्लंडातल्या वाँटेजला त्या ख्रिस्ती जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, आश्रयाला राहिल्या, हे खरं. त्या बदल्यात त्यांना मराठी शिकवत होत्या, हेही खरं. पुढे त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतून पैसा आला, तोही मी लपवत नाही. पण बुद्धी संपली? १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतर या बाईने ज्यांच्या घरचं मीठ खाल्लं त्यांच्याशीच वाद घातला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइनशी झालेला तो पत्रव्यवहार १९७७ मध्ये छापला आहे. कुठल्या मिशनने नव्हे, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने. संपादक अ. भि. शहा, पक्के बुद्धिवादी. मंडळी, तो एकदा उघडून बघा.

क्रुसावर अक्षरं लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असं रमाबाई विचारतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत बायबलात दाखवा, मग बोलू, म्हणतात. बाईने पुरुषांना शिकवणं हिंदुस्थानातल्या बिशपांना खपेना, तर आमचं शिकवणं तुम्ही कोण ठरवणार, हा सूर. आणि १८८५ च्या पत्रात तर सरळ बजावतात की इकडच्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने फेकलंय, आता तुमच्या पाद्र्यांचं तसलंच मानेवर घेणार नाही. पाद्री-बिशपांच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मानायला त्या बांधलेल्या नव्हत्या, हे त्यांनीच लिहून ठेवलंय.

नंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. केडगावच्या त्यांच्याच मुक्ती मिशनमध्ये छपाईचे खिळे जुळवायला बायकाच. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि पूर्ण बायबल छापून निघालं १९२४ मध्ये. मला ते भाषांतर ठिकठिकाणी खडबडीत वाटतं. माझ्या आजीला मात्र तेच लागायचं.

पाचवा मुद्दा, श्रद्धाळू प्राध्यापक निःपक्षपाती असूच शकत नाही. आमचे विभागप्रमुख खंडेनवमीला स्पेक्ट्रोमीटरला झेंडूची फुलं वाहायचे आणि सुट्टीनंतर त्याच स्पेक्ट्रोमीटरवर कोनात अर्धा मिनिट चुकलेलं रीडिंग पोरांना पुन्हा घ्यायला लावायचे. पेढे मीही खाल्लेत.

हे सगळं पुतणीला पाठवलं. म्हणाली, 'काका, एवढं कोण वाचणार? चौथा तेवढा मी टाकते. बाकीचं तुम्ही तुमच्याकडे टाका.' म्हणून इथे.