मुलांशी अबोला धरू नका

"आम्ही हात नाही उचलत. दोन दिवस बोललो नाही की आपोआप वठणीवर येतो." चांगल्या, प्रेमळ घरांतही हे सहज बोललं जातं, म्हणूनच लिहितेय. पाच वर्षांच्या मुलाशी आईने दोन दिवस न बोलणं ही फार जबर शिक्षा आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७५ मध्ये मांडलेला प्रयोग बघा. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळत असते. मग ठरल्याप्रमाणे २-३ मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, किंचाळतं आणि शेवटी मान फिरवून घेतं. प्रयोगात आई लगेच पुन्हा खेळायला लागते. घरातला अबोला कधी संपेल, हे मात्र मुलाला कोणीच सांगत नाही.

हे वारंवार झालं की काही मुलं चूक नसतानाही माफी मागून मोकळी होतात. काही मुलं मागणंच सोडतात. त्यांना आपण कौतुकाने 'समजूतदार' म्हणतो. तिशीत पहिल्याला मेसेज वाचूनही उत्तर आलं नाही की छातीत धडधडतं, तो एकामागून एक दहा मेसेज टाकतो. दुसरा भांडण झालं की खोलीचं दार लावून घेतो. आणि बऱ्याचदा या दोघांचंच एकमेकांशी लग्न झालेलं असतं! एकाचा पाठलाग वाढला की दुसऱ्याचं मौन वाढतं.

एखाद्या वेळच्या अबोल्याने कोणाचं आयुष्य बिघडत नाही. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणात आई-बाळाचे सूर साधारण ३० टक्के वेळच जुळलेले होते. तुटलेलं पुन्हा सांधलं जातं की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. त्यामुळे राग आला तर सांगा: "मला खूप राग आलाय. मी स्वयंपाकघरात आहे, १५ मिनिटांनी बोलू." आणि १५ मिनिटांनी खरंच या, मुलाने हाक मारायची वाट न बघता. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, काही न बोलता चॉकलेट हातात ठेवणं. मग काय झालं होतं ते मुलाला कळतच नाही. दुसरी, "सॉरी, पण तूच तसा वागलास." तो 'पण' गाळा. मुलाची चूक नंतर वेगळी बोला.

मोठ्यांनाही हेच लागू पडतं. दार लावणाऱ्याने परत येण्याची वेळ सांगून जावं. मेसेज टाकणाऱ्याने एकच टाकावा आणि कागदावर दोन ओळी लिहाव्यात: काय घडलं, आणि मी त्याचा काय अर्थ लावला.

बालपणीच्या आघातांची दहा प्रश्नांची चाचणी सध्या फिरतेय. तिचं मूळ १९९८ मधल्या अमेरिकेतल्या अभ्यासात आहे. चार किंवा जास्त प्रकारचे आघात झालेल्यांमध्ये नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. पण हा आकडा मोठ्या समूहाबद्दल आहे. त्यावरून स्वतःचं भविष्य ठरवू नका, नवऱ्याचं निदान तर अजिबात नको.

मारहाण, लैंगिक अत्याचार अशा आठवणी मात्र एकट्याने उकरू नका. पहिल्याच भेटीत सगळं सांगायला लावणाऱ्या समुपदेशकाला थांबवा. आधी झोप, श्वास, सुरक्षितता सावरायला हवी. आघातावर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हे विचारायला संकोच करू नका. जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.