घरी मराठी बोलू नका, हे मला पटलेलं नाही

माझी लेक चार वर्षांची आहे. परवा पालकसभेत सांगितलं गेलं, "घरी पण इंग्लिशच बोला, नाहीतर मूल मागे पडेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले. त्याचंच वाईट वाटतंय, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही नागपूरच्या जरीपटक्यात राहतो. शेजारच्या काकू सिंधी, पोळ्या करायला येणाऱ्या मावशी छत्तीसगढी, घरात माझ्या सासूबाईंची अस्सल नागपुरी. लेक आजीला विचारते, "काय करून राहिली वं?" आणि त्याच दमात गॅलरीतून काकूंना, "आंटी, मैं आऊँ क्या?" कोणाशी काय बोलायचं हे तिला कोणी शिकवलेलं नाही. कधी एकाच वाक्यात दोन्ही भाषा येतात. तो गोंधळ नव्हे, जो शब्द हाताशी असतो तो ती वापरते. आपल्या नागपूरचं "करून राहिली" तरी कुठून आलं? हिंदीच्या शेजारातूनच ना!

लहान वयाची ताकद मोठी असते. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या 'त' आणि 'ट'मधला फरक कळतो. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचा तो कान जातो, कारण घरात ते आवाज नसतात. म्हणून लवकर भाषा कानावर पडाव्यात, भरपूर पडाव्यात, या मताची मी आहे. इंग्रजीसुद्धा.

पण 'इमर्शन', म्हणजे मुलांना शाळेत थेट नव्या भाषेतूनच शिकवणं, म्हणून जे खपवलं जातं ते वेगळंच आहे. हा प्रयोग ज्या सेंट-लँबर्टमुळे गाजला, त्या माँट्रियलजवळच्या गावात १९६५ मध्ये इंग्रजी घरांतल्या मुलांचा बालवर्ग फ्रेंचमध्ये सुरू झाला. पालकांनीच तो मागून घेतला होता. बाई फ्रेंच बोलत, पण मुलांचं इंग्रजी त्यांना समजायचं, आणि सुरुवातीला मुलं इंग्रजीत बोलली तरी चालायचं. पुढे दुसरीपासून इंग्रजीचे तासही सुरू झाले. सुरुवातीला इंग्रजी वाचन-लेखनात थोडी मागे पडलेली मुलं प्राथमिक शाळा संपेपर्यंत बरोबरीला आली, वर फ्रेंचही आलं. घरची भाषा कोणी काढून घेतली नव्हती.

आमच्याकडे काय झालं? पहिल्याच आठवड्यात लेक वर्गात "शू आली" म्हणाली. इंग्लिशमध्ये सांग, असं उत्तर मिळालं. तिला ते वाक्य येत नव्हतं. ओल्या कपड्यांत घरी आली आणि नंतर कितीतरी दिवस शाळेत तोंडच उघडेना. नवी भाषा शिकताना मुलं काही काळ नुसती ऐकतात, ते मला चालेल. पण हे भीतीने गप्प होणं होतं.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या आदेशावरून केवढा वाद झाला, जूनच्या शेवटी तो मागेही घेतला गेला. भाषा कोणती यावर सगळे बोलले. चार वर्षांच्या पोरीने ती कशी शिकायची, यावर फार थोडे.

सोमवारी मी वर्गाच्या बाईंना भेटणार आहे. त्यांनी इंग्रजीतच बोलावं, माझी काहीच हरकत नाही. फक्त शू, पाणी, भूक, आई हे शब्द कोणत्याही पोराने कोणत्याही भाषेत म्हटले, तर आधी त्याचं काम व्हावं आणि मग हसून इंग्रजी शब्द सांगावा. आणि घरी आजी तिच्याशी नागपुरीतच बोलेल, हेही सांगून येणार आहे.